रिमोटची गाडी आणि ड्रोन : छंद सुरू करण्याआधी

मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात दूध आटत असताना तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "नातवाला ड्रोन हवंय, कुठलं घेऊ?" मी तिघांनाही सांगितले, "आत्ता ड्रोन घेऊ नका, आधी रिमोटची गाडी घ्या." कारण सांगता सांगता दूध थंड झाले. तेव्हा चिटणीस म्हणाले, "काका, हे सगळं लिहूनच द्या." म्हणून हा लेख.

मी काही इंजिनिअर नाही. बी.कॉम. करून बँकेत लागलो आणि बँकेतूनच निवृत्त झालो. पण कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागली होती: बुडाले तर नेमके काय बुडेल आणि कोणाचे बुडेल? या छंदातही हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. मी विचारला नाही. त्याची हकिकत आधी सांगतो.

पहिले उड्डाण आणि तीन टाके

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत नातवाच्या हट्टाखातर मी बाजारातून एक ड्रोन आणले. खोक्यावर वजन लिहिलेले नव्हते, माहितीपत्रक तिसऱ्याच भाषेत होते आणि दुकानदार म्हणाला, "काका, लहान मुलं उडवतात, यात शिकायचं काय?" संध्याकाळी आम्ही दोघे दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गच्चीवर गेलो. ड्रोन छान वर गेले. कठड्याच्या वर जाताच वारा लागला आणि ते शेजारच्या वाड्याकडे सरकू लागले. नातवाने डावीकडे काठी दाबली, पण ड्रोनचे तोंड तोवर आमच्याकडे वळले होते, त्यामुळे ते आणखी लांब गेले. शेजारच्या काकू अंगणात रांगोळी काढत होत्या. पाते त्यांच्या बोटाला लागले. तीन टाके पडले.

काकूंनी तक्रार केली नाही. उलट दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या हातानेच चकल्यांचे ताट पाठवले. पण तेच पाते वीतभर वर, डोळ्याला लागले असते तर? नातवाने दोन महिने त्या खोक्याला हात लावला नाही. त्या दोन महिन्यांत मी नियम वाचले आणि कळले की आम्ही केवळ बेफिकीर नव्हतो, बेकायदाही होतो. त्याबद्दल पुढे येईलच.

या अनुभवातून मी जो क्रम शिकलो तो असा: आधी जमिनीवरची गाडी, मग संगणकावरचा सराव, मग घरातले चिमुकले ड्रोन आणि शेवटी मोकळ्या रानात खरे ड्रोन. हा क्रम का, हे समजण्यासाठी या वस्तू चालतात कशा ते थोडक्यात पाहू.

रिमोट म्हणजे काय

दूरवरून रेडिओलहरींनी वाहन चालवण्याची कल्पना नवी नाही. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्यातली छोटी बोट अशी चालवून दाखवली होती. तत्त्व आजही तेच आहे. आपल्या हातात प्रेषक म्हणजे ट्रान्समीटर असतो, गाडीत ग्राहक म्हणजे रिसीव्हर. आजकालचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि प्रत्येक रिमोटची आपल्याच रिसीव्हरशी जोडी जमवलेली असते. म्हणून मैदानात दहा गाड्या असल्या तरी एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी पळत नाही. जुन्या खेळण्यांत हा घोटाळा हमखास व्हायचा.

रिसीव्हर दोन भागांना हुकूम देतो. एक सर्वो. ही दातेरी चाके असलेली छोटी मोटर पुढची चाके हव्या तेवढ्या कोनात वळवते. दुसरा वेग नियंत्रक. बॅटरीतून मुख्य मोटरला किती वीज द्यायची हे तो ठरवतो. बॅटरी, वेग नियंत्रक, मोटर, सर्वो आणि रिसीव्हर, एवढी पाच नावे लक्षात राहिली की कुठलीही गाडी उघडून समोर ठेवली तरी घाबरायला होत नाही.

खेळणे आणि छंदाची गाडी यांतला फरक

दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतात आणि लांबून सारख्याच दिसतात. फरक ओळखायला दोन प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न: चाक थोडे वळवले तर थोडेच वळते का? खेळण्यातल्या गाडीचे चाक एकतर पूर्ण वळते, नाहीतर सरळ राहते. वेगही तसाच, चालू किंवा बंद. छंदाच्या गाडीत बोट जितके दाबाल तितकाच वेग मिळतो. हात शिकतो तो अशाच गाडीवर.

दुसरा प्रश्न: सुटे भाग मिळतात का? गाडी आपटणार, हे गृहीतच धरा. पुढचा आर्म तुटला आणि तो आर्म सुटा मिळत नसेल, तर सगळी गाडी भंगारात जाते. म्हणून गाडी घेण्याआधी त्याच मॉडेलचे आर्म, गिअर, सर्वो आणि टायर मिळतात का ते विचारा. दुकानदार गडबडला तर ती गाडी घेऊ नका. कर्ज देताना आपण जामीनदार पाहतो, तसे इथे सुटे भाग पाहायचे.

पहिली गाडी निवडताना

खोक्यावर १:१०, १:१८, १:२४ असे आकडे असतात. ते नकाशाच्या प्रमाणासारखेच वाचायचे. खरी गाडी ४ मीटर लांब धरली तर १:१० ची गाडी सुमारे ४० सेंटिमीटर होते आणि १:२४ ची सुमारे १७. १:२४ ची गाडी घरात आणि गॅलरीत चालते, १:१८ ला सोसायटीचे आवार लागते आणि १:१० ला मैदान.

मोटर दोन प्रकारची. ब्रश असलेली मोटर स्वस्त आणि सौम्य असते. ब्रश नसलेली, म्हणजे ब्रशलेस, जास्त ताकदवान आणि टिकाऊ असते, पण तिचा वेग नवख्याला झेपत नाही. पहिली गाडी ब्रशवालीच घ्या. पेट्रोलसारख्या इंधनावर धावणाऱ्या गाड्याही मिळतात. आवाज, धूर आणि इंजिनची जुळवाजुळव पाहता सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका.

गाडीच्या जातीतही निवड आहे. बगी वेगाने धावते, ट्रक उड्या मारतो, क्रॉलर दगडधोंड्यांवरून मुंगीच्या पावलांनी चढतो. माझे मत विचाराल तर आजी-आजोबा आणि नातवंडे यांनी मिळून घ्यायची ती क्रॉलर. तिचा वेग चालण्याइतकाच असतो, त्यामुळे कोणाला लागण्याची भीती कमी, मोडतोड कमी, आणि चार विटा नि कुंड्या मांडल्या की गच्चीवरच घाट तयार होतो. गुडघे दुखणाऱ्यालाही तिच्यामागे धावावे लागत नाही.

"रेडी टु रन" लिहिलेली गाडी तयार जोडलेली असते. "किट" लिहिलेली आपण जोडायची असते. पहिली तयार घ्या, दुसरी जोडायची घ्या. पहिली मोडली की ती उघडावीच लागते आणि तीच खरी शाळा.

बॅटरी : या छंदातला खरा धोका

ड्रोन डोक्यात पडण्याची भीती सगळ्यांना वाटते. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीची मात्र कोणाला वाटत नाही. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

जुन्या किंवा साध्या गाड्यांत निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी असते. ती जड, पण समजूतदार असते. आता बहुतेक ठिकाणी लिथियम पॉलिमर बॅटरी असते. बोलताना तिला सगळे 'लिपो' म्हणतात. तिचा एक कप्पा, म्हणजे सेल, ३.७ व्होल्टचा. दोन सेलची बॅटरी ७.४ व्होल्टची होते आणि तिच्यावर '२एस' लिहिलेले असते. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. त्याहून जास्त भरला तर आगीचा धोका. ३ व्होल्टच्या खाली उतरू दिला तर बॅटरी कायमची बिघडते. आम्ही ३.५ ला थांबतो. आठवडाभर वापरायची नसेल तर भरून किंवा रिकामी न ठेवता प्रत्येक सेल ३.८ च्या आसपास ठेवायचा. चांगल्या चार्जरला यासाठी 'स्टोरेज' नावाची सोय असते.

मिलिअँपिअर-तास हा आकडा म्हणजे बॅटरीतली शिल्लक. २००० चा अर्थ २ अँपिअर-तास. गाडी सरासरी ८ अँपिअर ओढत असेल तर २ भागिले ८, म्हणजे पाव तास, पंधरा मिनिटे. म्हणूनच दुसरी बॅटरी लागते. चार्ज करताना त्याच आकड्याएवढ्या अँपिअरने भरायची, म्हणजे २००० ची बॅटरी २ अँपिअरने, साधारण तासाभरात. घाईने जास्त वेगाने भरू नका.

आमच्या घरचे नियम भिंतीवर लिहून लावले आहेत:

१. चार्जिंग फक्त फरशीवर. गादी, सोफा, लाकडी टेबल किंवा स्वयंपाकघरातला ओटा नाही.
२. चार्जर बॅलन्स चार्जरच असावा, म्हणजे प्रत्येक सेल वेगळा मोजून भरणारा.
३. चार्जिंग चालू असताना मोठे माणूस त्याच खोलीत हवे. रात्री झोपताना चार्जिंग नाही.
४. बॅटरी फुगली की ती मेली. तिला टोचायचे नाही, दाबायचे नाही, पुन्हा भरायची नाही. वाळूच्या बादलीत घराबाहेर ठेवायची आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची.
५. उन्हात उभ्या मोटारीत बॅटरी ठेवायची नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच चाळिशीपार पारा असतो, बंद मोटारीत तो किती चढत असेल याचा विचार करा.

वाळूची बादली आम्हाला अजून वापरावी लागलेली नाही. बँकेतही लाल बादल्या टांगलेल्या असत. मी असेपर्यंत एकही उतरवली गेली नाही, पण म्हणून कोणी त्या काढून टाकल्या नाहीत.

हात बसवण्याचा सराव

गाडीचा रिमोट बहुधा पिस्तुलासारखा असतो. बोटाने वेग, बाजूच्या चाकाने दिशा. सुरू करताना आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. हा क्रम उलटा झाला तर गाडीला मालकच उरत नाही आणि ती भलतीकडे पळू शकते.

सराव चार पायऱ्यांचा. जुन्या चपला किंवा पाण्याच्या बाटल्या खुणेसाठी मांडा.

पहिली पायरी: दहा पावले सरळ नेऊन बाटलीपाशी थांबवणे, तिला न पाडता. दुसरी: चौकोन, दोन्ही दिशांनी. तिसरी: इंग्रजी आठचा आकडा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: गाडी लांब न्यायची आणि तोंड आपल्याकडे करून परत आणायची. गाडी आपल्याकडे येते तेव्हा तिचे डावे आपले उजवे होते. नातवाकडून त्या दिवशी गच्चीवर झालेली चूक हीच. गाडीच्या बाबतीत या चुकीची किंमत म्हणजे भिंतीवर एक टक्कर. ड्रोनच्या बाबतीत किती, ते आमच्या काकूंना विचारा. म्हणून हा गोंधळ जमिनीवरच मिटवून टाकायचा. आमच्या नातवाला त्यासाठी तीन आठवडे लागले, मला सहा.

रस्त्यावर गाडी चालवू नका. दुचाकीस्वार ती चुकवायला गेला तर पडेल. सकाळी लवकर, आवारातल्या लोकांना विचारून, कुत्री आणि लहान मुले नसतील अशा जागी चालवा.

ड्रोन हवेत राहते कसे

चार पात्यांच्या ड्रोनमध्ये समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन पाती घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि उरलेली दोन उलट. चारही एकाच दिशेने फिरली असती तर ड्रोनचे अंगच उलट्या दिशेने गरगरले असते. दोन-दोनच्या जोड्यांमुळे हे बळ फिटते. मागची दोन पाती जोरात फिरली की ड्रोन पुढे झुकते आणि पुढे जाते. एक जोडी जोरात आणि दुसरी हळू केली की ते जागच्या जागी वळते. आत बसवलेले संवेदक ड्रोन किती कलले हे सेकंदाला शेकडो वेळा मोजतात आणि संगणक त्याप्रमाणे मोटरचा वेग बदलतो. हे काम माणसाच्या बोटांना जमणारे नाही.

पण हा संगणक ड्रोनला फक्त सरळ ठेवतो, एका जागी ठेवत नाही. वारा आला तर सरळ राहूनच ते वाऱ्याबरोबर वाहत जाते. जागा धरून ठेवायला जीपीएस लागते, आणि आमच्या त्या पहिल्या ड्रोनमध्ये ते नव्हते. खोक्यावर "स्थिर उड्डाण" लिहिले होते, ते अर्ध्या अर्थाने खरेच होते.

रिमोटला दोन काठ्या असतात. नेहमीच्या मांडणीत डावी काठी उंची आणि वळणे सांभाळते, उजवी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकणे. सुरुवातीला संगणकावरच्या सिम्युलेटरवर दहा-बारा तास घालवा. बरेच रिमोट वायरने थेट संगणकाला जोडता येतात. तिथे शंभर वेळा आपटलात तरी खर्च शून्य. त्यानंतर तळहाताएवढे, पात्यांभोवती कडे असलेले, तीस-चाळीस ग्रॅमचे ड्रोन घरातल्या मोठ्या खोलीत, पंखा बंद करून उडवा. जवळ उभे राहणाऱ्या प्रत्येकाने चष्मा घालावा.

बाहेर उडवताना पतंगाचे ज्ञान कामाला येते. आपण बडोदेकर उत्तरायण आणि वासी उत्तरायण गच्चीवर काढणारी माणसे, वारा आपल्याला शिकवावा लागत नाही. नियम एवढाच: जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना वारा साथ देईल. उलट केलेत तर बॅटरी संपत असताना वाऱ्याशी झगडत परतावे लागते. अर्धी बॅटरी संपायच्या आत परत फिरा. आणि जानेवारीत आकाशात मांजा असतो. पाती त्यात अडकली की ड्रोन दगडासारखे खाली येते. त्या महिन्यात ड्रोन कपाटातच बरे.

नियम : आमचा गुन्हा काय होता

भारतात ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. रिमोटच्या गाड्यांना ते लागू नाहीत, हाही गाडीपासून सुरुवात करण्याचा एक फायदा.

पहिली गोष्ट वजनाची. बॅटरी आणि कॅमेऱ्यासकट २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन 'नॅनो', २५० ग्रॅमच्या वर २ किलोपर्यंतचे 'मायक्रो'. नॅनोला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, आणि मायक्रो केवळ हौसेसाठी उडवणाऱ्यालाही ते लागत नाही. पण मायक्रोची सरकारी नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. त्याचे शुल्क १०० रुपये. शिवाय मायक्रोला तृतीय पक्ष विमा आवश्यक आहे. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, बॅटरी घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. आमचे ते "लहान मुलांचे" ड्रोन २७० ग्रॅम भरले.

दुसरी गोष्ट जागेची, आणि इथे बडोदेकरांनी कान टवकारावेत. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे केले आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगीविना उडवता येते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवी मर्यादा २०० फुटांवर येते. आणि ८ किलोमीटरच्या आत हिरवे आकाश नाहीच.

आता हरणी विमानतळापासून मोजा. कारेलीबाग, फतेहगंज, मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार, सयाजीगंज, आपली सगळी जुनी वस्ती त्या ८ किलोमीटरांच्या आत येते. म्हणजे आमच्या गच्चीवरचे ते उड्डाण वजनानेही चुकीचे होते आणि जागेनेही. ड्रोन नॅनो असते तरी जागेचा नियम सुटत नाही. या नियमांनुसार दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. दिवाळीत आम्ही किती मोठ्या रकमेची आतषबाजी करत होतो, ते तेव्हा कळले.

आपल्या इतर गावच्या बांधवांनीही आपापला नकाशा पाहावा. इंदूरचा विमानतळ शहराला लागून आहे, ग्वाल्हेर आणि बेळगावजवळच्या सांबऱ्याला हवाई दलाची ठाणी आहेत, गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ आहे आणि मोपाला दुसरा विमानतळ आहे. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावर हा रंगीत नकाशा कोणालाही पाहता येतो. उडवायच्या दिवशी सकाळी तो पुन्हा पाहा, कारण पट्टे बदलतात. शिवाय मिरवणुका, मोठ्या सभा, सण अशा वेळी पोलीस आयुक्त स्वतंत्र मनाई हुकूम काढतात. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव असताना गुजरातेत ड्रोन उडवण्यावर काही दिवस पूर्ण बंदी होती.

नियमांत नसलेली एक गोष्ट सभ्यतेची. कॅमेरा असलेले ड्रोन दुसऱ्याच्या गच्चीवर, गॅलरीवर नेऊ नका. आपल्या वाड्यांत भिंतीला भिंत लागून आहे. तिथे शेजाऱ्याचा विश्वास एकदा गेला की तो कुठल्याही सुट्या भागाने जोडता येत नाही.

परदेशातून आणायचे का

आपल्यातल्या निम्म्या घरांची मुले परदेशी आहेत. "येताना ड्रोन घेऊन ये" हे वाक्य मी स्वतः फोनवर बोललो आहे. बोलू नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच ठरावीक सवलत आहे. सुटे भाग आणण्याला मनाई नाही, पण तयार ड्रोन बॅगेत सापडले तर विमानतळावर जप्त होऊ शकते. मुलगा दोन वर्षांनी घरी येतोय आणि त्याचा पहिला तास कस्टमच्या खोलीत जातोय, असे होऊ देऊ नका.

रिमोटच्या गाडीचे तसे नाही. मात्र तिची लिथियमची सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेत टोके झाकूनच आणावी लागते.

वहीतला हिशेब

गाडीच्या छंदाचा पहिल्या वर्षाचा माझा खर्च जसा वहीत आहे तसा देतो. गाडी ९,२०० रुपये, दुसरी बॅटरी १,३००, बॅलन्स चार्जर २,१००, बॅटरीची अग्निरोधक पिशवी ३५०, सुटे भाग १,८५०, पेचकस, पाने वगैरे हत्यारे ७००. एकूण १५,५०० रुपये. म्हणजे गाडीच्या किमतीच्या जवळजवळ दोन तृतीयांश रक्कम वरखर्चाला लागली. तुमच्या हातात दहा हजार असतील तर सहा हजारांची गाडी घ्या, दहाची नाही. उरलेले चार हजार कुठे जातात ते पहिल्या महिन्यातच दिसेल.

जमेच्या बाजूला काय आहे, तेही सांगतो. नातू शाळेत इंग्रजी बोलतो, मित्रांत गुजराती. माझ्याशी त्याचे मराठी "हो आजोबा, नाही आजोबा" एवढ्यावर आले होते. आता रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून आम्ही गाडी उघडतो. कुठला स्क्रू कुठून निघाला, गिअर का घासला, डावा आर्म उजवीकडे का बसत नाही, यावर दोन तास आमचे वाद चालतात, आणि ते मराठीत चालतात. 'घट्ट', 'सैल', 'आटा', 'दाते', 'खाच', 'झिजणे' हे शब्द त्याला कुठल्या पुस्तकातून मिळाले नसते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पादऱ्याकडे एका नातेवाइकांच्या शेतावर गेलो. सकाळी नकाशा पाहिला, शेजारच्या शेतकऱ्यांना सांगितले आणि नॅनो ड्रोन उडवले. नातवाने ते वाऱ्याच्या विरुद्ध नेले, तोंड आपल्याकडे वळवले आणि न चुकता माझ्या पायापाशी उतरवले. मी काही बोललो नाही. त्यालाही बोलायची गरज वाटली नाही.

शेजारच्या काकू आजही आम्ही गच्चीवर जाताना दिसलो की खालून विचारतात, "काय रे, आज उडणार नाही ना काही?"

"नाही आजी, आज गाडी," तो सांगतो.

मग त्या पुन्हा रांगोळीला लागतात.